व्हिसामुक्त प्रवेश आणि ट्रान्झिट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली दिलेले बहुतेक प्रश्न प्रवासी तिकीट काढून झाल्यावर विचारतात. खरे तर ते तिकीट काढण्याआधी विचारायला हवेत, कारण व्हिसा लागेल की नाही हे पुष्कळदा आपण कोणत्या देशात जाणार आहोत यापेक्षा तिथे कोणत्या मार्गाने जाणार आहोत यावर ठरते. नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून इथे दिलेले आकडे आणि तारखा नियमांची रचना समजून घेण्यासाठी वापराव्यात आणि प्रत्यक्ष निघण्यापूर्वी संबंधित सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा तपासून पाहाव्यात.

‘व्हिसामुक्त प्रवेश’ याचा नेमका अर्थ काय?

एखाद्या देशाने दुसऱ्या देशाच्या नागरिकांना अल्प मुदतीच्या भेटीसाठी वकिलातीतून आधी व्हिसा घेण्याची अट माफ केली आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. ही माफी अर्जाची असते, तपासणीची नसते. प्रवासाचा हेतू काय, मुक्काम किती दिवसांचा, खर्चाची सोय काय आणि परतीचा प्रवास कधी, हे जे प्रश्न वकिलातीतील अधिकारी विचारतो तेच प्रश्न सीमेवरील अधिकारी विचारू शकतो, आणि उत्तरे समाधानकारक न वाटल्यास प्रवेश नाकारू शकतो. व्हिसाधारकाची कागदपत्रे कोणीतरी एकदा तरी पाहिलेली असतात. व्हिसामुक्त प्रवाशाची पडताळणी मात्र पुष्कळदा थेट इमिग्रेशनच्या खिडकीवरच प्रथम होते. त्यामुळे व्हिसा लागत नाही म्हणून कागदपत्रेही लागत नाहीत, हा समज मला सर्वांत घातक वाटतो.

व्हिसामुक्त प्रवेश, व्हिसा ऑन अरायव्हल, ई-व्हिसा आणि इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना यांत फरक काय आहे?

व्हिसामुक्त प्रवेशात व्हिसा नावाची गोष्टच नसते. व्हिसा ऑन अरायव्हलमध्ये व्हिसा लागतो, परंतु तो पोहोचल्यावर, बहुधा शुल्क भरून, विमानतळावर मिळतो. तो देणे न देणे अधिकाऱ्याच्या हाती असते आणि तो ठरावीक विमानतळांवरच मिळत असल्याने दुसऱ्या सीमेवरून आलेला प्रवासी अडकू शकतो. ई-व्हिसा हा पूर्ण अर्थाने व्हिसाच असतो, फक्त त्याचा अर्ज ऑनलाइन केला जातो. इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना यांच्या मधला आहे : ज्यांना व्हिसा माफ आहे त्यांनीच तो काढायचा असतो आणि त्याद्वारे सरकार प्रवाशाची माहिती निघण्यापूर्वीच तपासून घेते.

ऑस्ट्रेलियाची रचना याहून वेगळी आहे. तिथे नागरिक नसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारचा व्हिसा लागतो. काही देशांच्या नागरिकांना तो मोबाइलवरून सहज मिळतो, म्हणून लोक त्याला चुकून ‘व्हिसामुक्त’ म्हणतात.

व्हिसा नको, पण ऑनलाइन परवाना हवा, असे देश कोणते?

अमेरिकेने व्हिसा माफी कार्यक्रमातील देशांच्या नागरिकांसाठी ‘एस्टा’ हा परवाना जानेवारी २००९ पासून सक्तीचा केला. तो साधारणपणे दोन वर्षे चालतो आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून रस्त्याने येणाऱ्यांनाही लागतो. कॅनडाचा ‘ईटीए’ मात्र फक्त विमानाने येणाऱ्यांसाठी आहे. तो कमाल पाच वर्षे वैध राहतो आणि त्याचे शुल्क केवळ सात कॅनेडियन डॉलर आहे. ब्रिटनने आपला ‘ईटीए’ ८ जानेवारी २०२५ पासून युरोपबाहेरील आणि २ एप्रिल २०२५ पासून युरोपातील व्हिसामुक्त प्रवाशांना लागू केला. न्यूझीलंडचा असाच परवाना २०१९ पासून आहे.

या सर्व परवान्यांबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की परवाना विशिष्ट पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेला असतो. पासपोर्ट नवा झाला की जुन्या परवान्याची मुदत शिल्लक असली तरी तो निरुपयोगी ठरतो आणि हे अनेकांना चेक-इनच्या काउंटरवर कळते. दुसरी अशी की सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे याच अर्जासाठी अनेक पटींनी जास्त रक्कम घेतात. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारा दुवा पुष्कळदा जाहिरातीचा असतो. पैसे भरण्यापूर्वी पत्ता त्या देशाच्या सरकारचाच आहे ना, हे शांतपणे पाहावे.

सवलत नागरिकत्वावर मिळते की राहण्याच्या ठिकाणावर?

मुख्यतः नागरिकत्वावर, म्हणजे हातातील पासपोर्टवर. कोणी दुसऱ्या देशात वीस वर्षे कायदेशीरपणे राहत असला तरी त्या देशाच्या नागरिकांची सवलत त्याला आपोआप लागू होत नाही. काही देश मात्र तिसऱ्या देशाचा वैध व्हिसा किंवा निवास परवाना पाहून सूट देतात आणि ट्रान्झिटच्या, म्हणजे मधल्या देशात थांबून पुढे जाण्याच्या, नियमांत तर अशी सूट बरीच आढळते. निर्वासितांना १९५१ च्या करारानुसार किंवा राज्यहीन व्यक्तींना १९५४ च्या करारानुसार मिळालेली प्रवासपत्रे पासपोर्टची जागा घेत असली, तरी त्यांच्यावर व्हिसामाफी लागू होईलच असे नाही. ते प्रत्येक देशाच्या यादीत स्वतंत्रपणे पाहावे लागते. राजनैतिक पासपोर्टवरील सवलती सामान्य पासपोर्टला लागू नसतात, त्यामुळे दोन देशांत व्हिसामाफीचा करार झाल्याची बातमी वाचल्यावर तो कोणत्या पासपोर्टसाठी आहे हे आधी पाहावे.

काही वेळा पूर्वीचा प्रवासही आडवा येतो. अमेरिकेच्या व्हिसा माफी कार्यक्रमात १ मार्च २०११ नंतर इराण, इराक, सिरिया, सुदान किंवा अशा काही अन्य देशांत गेलेल्या प्रवाशाला एस्टा मिळत नाही. क्युबासाठी ही तारीख १२ जानेवारी २०२१ आहे. अशा व्यक्तीला अमेरिकेत जाण्याची बंदी नसते, फक्त नियमित व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. मुलाखतीची तारीख मिळण्यास लागणारा वेळ मात्र प्रवासाचे सारे नियोजन बदलू शकतो.

दुहेरी नागरिकत्व असलेल्यांनी ज्या देशाचे आपण नागरिक आहोत त्या देशात त्याच देशाच्या पासपोर्टवर प्रवेश करावा. अमेरिकेचा कायदा आपल्या नागरिकांकडून हीच अपेक्षा करतो आणि कॅनडाच्या दुहेरी नागरिकांना, थोडे अपवाद वगळता, कॅनडाच्या पासपोर्टशिवाय विमानात बसता येत नाही, कारण नागरिकाला ईटीए मिळतच नाही.

पासपोर्ट किती काळ वैध असावा?

पुष्कळ देश प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिन्यांची वैधता मागतात, म्हणून ‘सहा महिने’ हा सुरक्षित अंदाज आहे. परंतु तो सार्वत्रिक नियम नाही. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतील सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या समूहात, पासपोर्ट तिथून निघण्याच्या नियोजित दिवसानंतर किमान तीन महिने वैध हवा आणि तो गेल्या दहा वर्षांतच दिलेला असावा. हा दुसरा भाग फार जणांच्या लक्षात येत नाही. काही देश पूर्वी जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात जोडून देत. अशा पासपोर्टवर समाप्तीची तारीख पुढची दिसत असली तरी तो दिल्यापासून दहा वर्षे उलटलेली असतील तर तो चालत नाही. ब्रिटनमध्ये संपूर्ण मुक्कामापुरती वैधता पुरते. फाटलेला किंवा पाण्याने खराब झालेला पासपोर्ट मुदतीत असूनही नाकारला जाऊ शकतो.

शेंगेन क्षेत्रातील ‘१८० दिवसांत ९० दिवस’ हा हिशेब कसा करायचा?

सर्वाधिक चुका या नियमात होतात, म्हणून त्याकडे थोडे सविस्तर पाहू. शेंगेन क्षेत्रात सध्या २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे त्यात आले. या २९ देशांतील दिवस एकत्र मोजले जातात. फ्रान्समध्ये ९० दिवस राहून नंतर इटलीत ९० दिवस राहता येत नाही.

१८० दिवसांचा कालखंड हा कॅलेंडरचा अर्धा भाग नसतो आणि तो पहिल्या प्रवेशापासूनही सुरू होत नाही. तो दररोज पुढे सरकतो. तुम्ही शेंगेनमध्ये असलेल्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून मागचे १८० दिवस पाहायचे आणि त्यांत एकूण किती दिवस तुम्ही आत होता ते मोजायचे. ती संख्या कोणत्याही दिवशी ९० च्या वर जाता कामा नये. प्रवेशाचा दिवस आणि निघण्याचा दिवस हे दोन्ही पूर्ण दिवस धरले जातात. रात्री पावणेबाराला उतरलेल्या प्रवाशाचाही एक दिवस खर्ची पडतो.

समजा एक प्रवासी १ मार्चला आत आला आणि ३० मार्चला बाहेर पडला. त्याचे ३० दिवस झाले. तो पुन्हा १ जूनला आला, तर ३० जुलैला त्याचे जून-जुलैचे ६० आणि मार्चचे ३० असे ९० दिवस भरतात आणि त्याच दिवशी त्याने बाहेर पडले पाहिजे, कारण मार्चचे दिवस अजून १८० दिवसांच्या कालखंडातच आहेत. तोच प्रवासी १ जूनऐवजी १ जुलैला आला, तर चित्र वेगळे दिसते. २७ ऑगस्टला त्याचे ५८ आणि मार्चचे ३० मिळून ८८ दिवस होतात. परंतु २८ ऑगस्टपासून मार्चचा एकेक दिवस कालखंडाबाहेर पडू लागतो, त्यामुळे एक नवा दिवस जमा होताना एक जुना वजा होतो. हा प्रवासी २८ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे सलग ९० दिवस, कायदेशीरपणे राहू शकतो. मार्चचा मुक्काम तोच असताना केवळ एक महिना उशिरा येण्याने इतका फरक पडतो. युरोपीय आयोगाने यासाठी ऑनलाइन गणकयंत्र दिले आहे. तारखा ठरवण्याआधी त्यात घालून पाहणे बोटांवर मोजण्यापेक्षा शहाणपणाचे.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर प्रवेश-निर्गमनाची इलेक्ट्रॉनिक नोंद करणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तीत चेहऱ्याचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात आणि दिवसांचा हिशेब संगणक करतो. पूर्वी पुसट शिक्क्यांमुळे दुर्लक्षित राहणारा एक दिवसाचा जादा मुक्कामही आता आपोआप दिसून येतो.

मुदत संपत आली की शेजारच्या देशात जाऊन परत यावे का?

काही देशांत प्रत्येक प्रवेशाला नवी मुदत मिळते, परंतु बहुतेक ठिकाणी या मार्गाने आता काम होत नाही. शेंगेनमध्ये बाहेर जाऊन आल्याने मागचे दिवस पुसले जात नाहीत. अमेरिकेच्या ९० दिवसांच्या व्हिसामाफीत कॅनडा, मेक्सिको आणि जवळच्या बेटांवरील छोट्या फेरीचे दिवसही त्याच ९० दिवसांत धरले जातात. जिथे नियम स्पष्टपणे आडवा येत नाही, तिथेही वारंवार होणाऱ्या फेऱ्या पाहून ‘हा प्रवासी भेटीला आलेला नसून इथे राहतो आहे’ असा निष्कर्ष अधिकारी काढू शकतो, आणि तसे त्याने काढणे वाजवीच आहे.

व्हिसामुक्त भेटीत काम करता येते का?

स्थानिक नोकरी करता येत नाही. बैठका, परिषदा, वाटाघाटी यांना बहुतेक देश परवानगी देतात. स्वतःच्या देशातील मालकासाठी लॅपटॉपवर काम करण्याबाबत देशोदेशी भूमिका वेगळी आहे. ब्रिटनने भेटीचा मुख्य हेतू तो नसेल तर अशा कामाला मुभा दिली आहे, तर अनेक देशांच्या कायद्यात त्याचा उल्लेखच नाही. उल्लेख नाही म्हणजे परवानगी आहे, असे समजू नये.

सीमेवर कोणती कागदपत्रे जवळ असावीत?

परतीचे किंवा पुढचे तिकीट, राहण्याच्या जागेचा पुरावा, खर्चाला पुरेल एवढ्या पैशाचा पुरावा आणि कोणाकडे जाणार असाल तर त्यांचे पत्र व पत्ता. लहान मूल एकाच पालकाबरोबर किंवा इतर कोणाबरोबर जात असेल, तर अनुपस्थित पालकाचे संमतिपत्र आणि जन्मदाखला ठेवावा. हे सर्व फक्त मोबाइलमध्ये न ठेवता कागदावरही ठेवावे, कारण बॅटरी संपणे आणि इंटरनेट न मिळणे हे दोन्ही नेमके त्याच रांगेत घडते.

ट्रान्झिटमध्ये व्हिसा लागेल की नाही, हे कशावर ठरते?

एका साध्या प्रश्नावर : तुम्हाला इमिग्रेशनची रेषा ओलांडावी लागणार आहे का? विमानतळाचे दोन भाग असतात. इमिग्रेशनच्या आतील आंतरराष्ट्रीय भागात राहूनच पुढचे विमान पकडता आले, तर बहुतेक देश तुम्ही त्यांच्या हद्दीत प्रवेश केला असे मानत नाहीत. रेषा ओलांडली की तो प्रवेश ठरतो, मग तो दोन तासांचा असला तरीही.

रेषा ओलांडावी लागण्याची कारणे नेहमीचीच आहेत. पुढचे विमान त्याच शहराच्या दुसऱ्या विमानतळावरून असणे, जसे लंडनमध्ये हीथ्रोहून गॅटविक, टोकियोत नारिताहून हानेदा किंवा पॅरिसमध्ये शार्ल द गॉलहून ओर्ली. सामान काढून पुन्हा चेक-इन करावे लागणे. पुढचा टप्पा देशांतर्गत असणे. किंवा रात्री ट्रान्झिट विभाग बंद होणे. मुक्काम लांबला म्हणून हॉटेलात जायचे असेल, तर ते हॉटेल आंतरराष्ट्रीय भागाच्या आत आहे की बाहेर, हेही विचारून घ्यावे. काही विमानतळांवर ‘विमानतळ हॉटेल’ हे इमारतीला लागून असले तरी इमिग्रेशनच्या पलीकडे असते.

दोन वेगळी तिकिटे काढली तर काय बिघडते?

एका आरक्षणावर दोन्ही टप्पे असतील तर सामान सहसा अखेरच्या ठिकाणापर्यंत टॅग होते आणि दोन्ही बोर्डिंग पास सुरुवातीलाच मिळतात. वेगवेगळ्या तिकिटांवर बहुधा यातले काहीच घडत नाही. सामान मधल्या शहरात फिरत्या पट्ट्यावर येते, ते घेण्यासाठी इमिग्रेशन पार करावे लागते आणि तिथेच व्हिसाची गरज निर्माण होते. शिवाय पहिल्या विमान कंपनीच्या दृष्टीने तुमचा प्रवास मधल्या शहरातच संपतो, म्हणून त्या देशात प्रवेशाची परवानगी नसेल तर ती विमानात बसूच देत नाही. स्वस्त म्हणून जोडलेली दोन तिकिटे एका व्हिसाअभावी दोन्ही बुडाल्याची उदाहरणे विमानतळांवर वरचेवर दिसतात. केवळ हातातील सामान घेऊन आणि पुढचा बोर्डिंग पास आधीच काढून ही अडचण काही विमानतळांवर टळते, सर्वत्र नाही.

अमेरिकेत फक्त विमान बदलायचे असेल तरी परवानगी लागते का?

होय. अमेरिकेच्या विमानतळांवर आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी वेगळा ट्रान्झिट विभाग नाही. बाहेरून येणारा प्रत्येक प्रवासी पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन व कस्टम्समधून जातो आणि सामान सहसा तिथेच घेऊन पुन्हा सोपवावे लागते. म्हणून एस्टा, भेटीचा व्हिसा किंवा सी-१ हा ट्रान्झिट व्हिसा यांपैकी एक हवाच. दक्षिण अमेरिकेतून आशियात जाताना केवळ दोन तास मायामीत थांबायचे असले, तरी नियम हाच. ज्यांच्याकडे यांपैकी काही नाही त्यांनी तिकीट शोधतानाच अमेरिकेतून जाणारे मार्ग बाजूला ठेवावेत.

शेंगेन विमानतळावर विमान बदलताना काय पाहावे?

प्रथम मार्ग कागदावर लिहून काढावा. शेंगेनबाहेरून येऊन एकाच शेंगेन विमानतळावर विमान बदलून पुन्हा शेंगेनबाहेर जायचे असेल, तर आंतरराष्ट्रीय भागातच थांबता येते आणि बहुसंख्य देशांच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. परंतु युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेत १२ देशांची यादी आहे : अफगाणिस्तान, बांगलादेश, काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक, इरिट्रिया, इथिओपिया, घाना, इराण, इराक, नायजेरिया, पाकिस्तान, सोमालिया आणि श्रीलंका. या देशांच्या नागरिकांना आंतरराष्ट्रीय भागात थांबण्यासाठीही विमानतळ ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा किंवा जपान यांचा वैध व्हिसा असलेल्यांना त्यातून सूट आहे. याशिवाय प्रत्येक सदस्य देश आपल्यापुरती आणखी नावे जोडू शकतो, म्हणून पॅरिसला लागू असलेला नियम माद्रिदला लागू असेलच असे नाही.

आता दुसरा मार्ग पाहा : नैरोबी, पॅरिस, फ्रँकफर्ट, टोरोंटो. यात दोन शेंगेन विमानतळ आहेत. पॅरिस ते फ्रँकफर्ट हे उड्डाण शेंगेनच्या आतले असल्याने पॅरिसलाच इमिग्रेशन होते आणि प्रवासी शेंगेनमध्ये दाखल होतो. इथे विमानतळ ट्रान्झिट व्हिसा पुरत नाही. व्हिसामुक्त नसलेल्या प्रवाशाला पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. तिकीट एकच आहे, सामान टोरोंटोपर्यंत टॅग झाले आहे, म्हणून काळजी नाही, असे समजणारे इथे फसतात.

ब्रिटन आणि आयर्लंडचे काय?

हे दोन्ही देश शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटनमध्ये इमिग्रेशन न ओलांडता विमान बदलण्याची सोय हीथ्रो आणि मँचेस्टर येथे आहे आणि तिथे तसे करणाऱ्या व्हिसामुक्त प्रवाशांना ईटीए लागत नाही. काही देशांच्या नागरिकांना मात्र आतल्या भागातही थेट विमानतळ ट्रान्झिट व्हिसा लागतो आणि प्रवासी सवलतीच्या अटींत बसत नसेल तर तो व्हिसा आधी घ्यावा लागतो.

आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यात सामाईक प्रवास क्षेत्र असल्यामुळे डब्लिनहून बेलफास्टला जाताना रस्त्यावर कोणी पासपोर्ट तपासत नाही. परंतु उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग असल्याने तिथे जाणाऱ्या परदेशी पर्यटकाला ब्रिटनचा ईटीए किंवा व्हिसा लागतोच. तपासणी नसणे आणि परवानगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे जितके स्पष्ट होते तितके क्वचितच कुठे होते.

चीनची २४० तासांची ट्रान्झिट सवलत कशी चालते?

चीनने १७ डिसेंबर २०२४ रोजी पूर्वीच्या ७२ आणि १४४ तासांच्या सवलतींच्या जागी २४० तासांची, म्हणजे दहा दिवसांची, सवलत आणली. ती ठरावीक देशांच्या नागरिकांना आणि ठरावीक विमानतळ व बंदरांवरून प्रवेश केल्यास मिळते. मिळाल्यावरही फिरण्याची मुभा नेमून दिलेल्या प्रांतांपुरतीच असते. तिबेट त्यात नाही.

सर्वांत महत्त्वाची अट मार्गाची आहे. ज्या देशातून आलात त्याच देशात परत जायचे असेल, तर ते ट्रान्झिट ठरत नाही. सोल–शांघाय–सोल चालत नाही, सोल–शांघाय–बँकॉक चालते. हाँगकाँग आणि मकाऊ यांना या हिशेबात तिसरे ठिकाण मानले जाते, त्यामुळे सोल–शांघाय–हाँगकाँग हा मार्गही ग्राह्य धरला जातो. पुढचे तिकीट तारीख आणि जागा निश्चित झालेले हवे. तासांची मोजणी प्रवेशाच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री शून्य वाजल्यापासून होते, म्हणून सकाळी लवकर उतरणाऱ्याला तो पहिला दिवस जवळजवळ वाढीव मिळतो. यादीत नसलेल्या बहुतेक देशांच्या नागरिकांसाठी २४ तासांची वेगळी, जुनी सवलत आहे. चीनने अनेक देशांना स्वतंत्रपणे दिलेली ३० दिवसांची व्हिसामाफी ही या दोन्हींपेक्षा निराळी असून तिला तिसऱ्या देशाची अट नाही.

इतर काही ठिकाणच्या ट्रान्झिट सवलती कोणत्या?

सिंगापूर काही देशांच्या नागरिकांना विशिष्ट तिसऱ्या देशांचा वैध व्हिसा असल्यास ९६ तासांपर्यंत व्हिसाविना थांबू देते. जपानमध्ये पुढच्या विमानाची वाट पाहणाऱ्याला ७२ तासांपर्यंत उतरण्याची परवानगी मिळू शकते, परंतु ती विमान कंपनीमार्फत मागायची असते आणि पूर्णपणे अधिकाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असते. तिच्या भरवशावर हॉटेल आरक्षित करू नये. ऑस्ट्रेलियात ट्रान्झिट व्हिसा ७२ तासांपर्यंतचा असून निःशुल्क आहे. न्यूझीलंडमध्ये केवळ ट्रान्झिटचा परवाना असलेल्यांना ऑकलंड विमानतळावरूनच जाता येते.

ट्रान्झिटमध्ये लसीकरणाचा दाखला लागतो का?

पीतज्वराच्या बाबतीत लागू शकतो. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून आलेल्या प्रवाशाकडून अनेक देश दाखला मागतात, आणि काही देश अशा देशाच्या विमानतळावर १२ तासांहून अधिक थांबलेल्यालाही तोच नियम लावतात. म्हणजे मधल्या थांब्याची लांबी तिसऱ्याच देशातील प्रवेशावर परिणाम करते. लस घेतल्यावर दाखला दहा दिवसांनी वैध होतो, म्हणून तो शेवटच्या आठवड्यात मिळवून उपयोग नसतो. ११ जुलै २०१६ पासून हा दाखला आयुष्यभर ग्राह्य धरला जातो. जुन्या दाखल्यावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरीही.

विमान कंपनी मला का अडवते? निर्णय तर इमिग्रेशनचा असतो ना?

अंतिम निर्णय इमिग्रेशनचाच असतो, परंतु अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी आणल्याबद्दल कंपनीला दंड होतो आणि त्याला परत नेण्याची जबाबदारीही तिच्यावर येते. ब्रिटनमध्ये हा दंड प्रति प्रवासी २,००० पौंड आहे. त्यामुळे काउंटरवरील कर्मचारी आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या ‘टिमॅटिक’ या माहितीकोशात तुमचा पासपोर्ट, गंतव्य आणि मार्ग घालून पाहतो आणि तिथे जे दिसते त्यानुसार वागतो. तुमचे म्हणणे बरोबर असूनही तो मान्य करत नसेल, तर सरकारी संकेतस्थळावरील नेमका नियम दाखवून पर्यवेक्षकाला बोलावण्याची विनंती करावी. अनेक विमान कंपन्या याच माहितीकोशाचा सार्वजनिक शोध आपल्या संकेतस्थळावर देतात; तो आदल्या दिवशी स्वतः पाहून छापून नेल्यास हा वाद बहुधा उद्भवतच नाही.

प्रवेश नाकारला गेला किंवा मुदतीपेक्षा जास्त राहिलो तर काय होते?

शेंगेन सीमेवर प्रवेश नाकारताना कारणे नमूद केलेला ठरावीक नमुन्यातील लेखी आदेश द्यावा लागतो आणि त्यावर अपील करता येते, मात्र अपील चालू असताना आत येता येत नाही. अमेरिकेत व्हिसामाफीवर येणारा प्रवासी, आश्रयाची मागणी वगळता, निर्णयाला आव्हान देण्याचा हक्क आधीच सोडून देतो; एस्टाचा अर्ज भरताना ही अट मान्य केलेली असते.

जादा मुक्कामाचे परिणाम देशागणिक बदलतात. थायलंडमध्ये दररोज ५०० बाथ, कमाल २०,००० बाथ दंड आहे आणि दीर्घ मुक्कामाला पुन्हा येण्याची बंदी. अमेरिकेत व्हिसामाफीच्या मुदतीपेक्षा एक दिवस जास्त राहिल्यासही पुढे ती सवलत मिळत नाही. १८० दिवसांहून अधिक बेकायदेशीर मुक्काम करून निघणाऱ्यावर तीन वर्षांची आणि एक वर्ष किंवा अधिक झाल्यास दहा वर्षांची प्रवेशबंदी येते. आजारपण किंवा अपघात यांमुळे थांबावे लागले, तर मुदत संपण्यापूर्वीच स्थानिक इमिग्रेशन कार्यालयात वैद्यकीय कागदांसह अर्ज करावा. मुदत उलटून गेल्यावर दिलेले तेच कारण स्पष्टीकरण म्हणून ऐकले जाते, परवानगी म्हणून नाही.

पुढचे विमान रद्द झाले आणि माझ्याकडे त्या देशाचा व्हिसा नसेल तर?

तुम्ही आंतरराष्ट्रीय भागातच राहता आणि विमान कंपनीने तिथेच सोय करणे अपेक्षित असते. हॉटेलचे कूपन मिळाले म्हणजे बाहेर पडण्याची परवानगी मिळाली असे नाही. ती फक्त इमिग्रेशन देते. विमान रद्द झाल्याची लेखी नोंद कंपनीकडून मागून घ्यावी, तिच्या प्रतिनिधीबरोबरच इमिग्रेशनच्या काउंटरवर जावे आणि तात्पुरत्या प्रवेशाची विनंती करावी. शेंगेन देशांना अपवादात्मक परिस्थितीत सीमेवरच व्हिसा देण्याचा अधिकार आहे, चीनमध्येही आपत्कालीन कारणासाठी ठरलेल्या मुदतीपलीकडे राहण्याची परवानगी मागता येते, आणि इतरत्रही अधिकारी काही तासांची मुभा देऊ शकतात. मात्र यातले काहीही हक्काने मागता येत नाही. कंपनीने पर्यायी विमान सुचवले, तर होकार देण्याआधी त्याचा नवा मार्ग पाहावा. ज्या प्रवाशाने अमेरिका टाळण्यासाठी मुद्दाम दुसरा मार्ग निवडला होता, त्याला पर्याय म्हणून अमेरिकेतूनच जाणारे विमान दिले गेले, तर ते त्याला घेता येणार नाही, हे त्याने काउंटरवर लगेच सांगावे.